सॉफ्टवेअर एकाचे, पेटी दुसऱ्याची
रोषणाईच्या कॉम्प्युटरचा सौदा करण्यापूर्वी

आमच्या बाजारात एक लाइटवाले आहेत. वडिलांच्या वेळेपासून मंडपाचा आणि रोषणाईचा धंदा. काही वर्षांपूर्वी त्यांनी जुना डिमर बोर्ड बाजूला ठेवला, चोवीस एलईडी पार आणि चार शार्पी घेतल्या आणि ते सारे चालवण्यासाठी एक लॅपटॉप घेतला. सॉफ्टवेअर फुकट मिळाले. लॅपटॉप आणि लाइट यांच्यामध्ये लागणारी छोटी पेटी त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणली. दुकानदार म्हणाला, “चाचा, ही पेटी कुठल्याही सॉफ्टवेअरला चालते.” कामाच्या दिवशी जोडणी केली. पडद्यावरचे लाइट सुंदर रंग बदलत होते, पण जमिनीवर ठेवलेले पार काळेच्या काळे. संध्याकाळी रिसेप्शन होते. धावपळ करून भाड्याचा मिक्सर आणला आणि त्या कामाचा नफा त्या भाड्यातच गेला.

मी कापडाचा व्यापारी. लाइटच्या धंद्याशी माझा संबंध दुकानाच्या शोकेसपुरता. पण शेजाऱ्याचे पैसे नेमके कुठे अडकले हे समजून घेतल्याशिवाय मला राहवेना. चौकशी केली तेव्हा कळले, लॅपटॉप चांगला होता, पेटी चांगली होती, वायरही चांगली होती. सॉफ्टवेअर मात्र असे होते की त्याच कंपनीचे यंत्र जोडल्याशिवाय ते पडद्याबाहेर काहीच सोडत नाही. दाराला कुलूप होते आणि चावी वेगळी विकली जात होती.

विणकामातल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. एका मापाच्या जकार्डसाठी छेदलेली कार्डे दुसऱ्या मापाच्या जकार्डवर चढत नाहीत, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. सूत तेच, डिझाइनही तेच, पण माप वेगळे. रोषणाईच्या कॉम्प्युटरचे तसेच आहे. कुठले माप सर्वांचे सारखे आणि कुठले एकेका कंपनीचे, एवढे कळले तरी निम्मे नुकसान टळते.

चार कड्यांची साखळी

लॅपटॉपवर बोट फिरवल्यापासून लाइट पेटेपर्यंत चार कड्या असतात. पहिली कडी सॉफ्टवेअर, म्हणजे कुठला लाइट किती, कुठल्या रंगात, किती वेळ, हे ठरवणारा मेंदू. दुसरी कडी कॉम्प्युटरमधून बाहेर पडण्याचा रस्ता, म्हणजे यूएसबीचे किंवा नेटवर्कचे तोंड आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर. तिसरी कडी मधली पेटी, जिला बाजारात इंटरफेस, डोंगल किंवा नोड म्हणतात. चौथी कडी वायर आणि लाइट.

यांतली चौथी कडी जवळजवळ सगळ्या जगात एकसारखी आहे. भानगड होते ती पहिल्या तीन कड्यांच्या सांध्यात. म्हणून आधी चौथी समजून घेऊ, मग मागे येऊ.

सामाईक बोली कशी आली

एकेकाळी प्रत्येक डिमरला स्वतंत्र वायर जात असे आणि तिच्यात शून्य ते दहा व्होल्टचा दाब कमी-जास्त करून लाइट मंद किंवा तेज केला जाई. शंभर डिमर तर शंभर वायरी. पुढे एकाच वायरीतून अनेक डिमरांचे हुकूम पाठवण्याची युक्ती निघाली, पण प्रत्येक कंपनीने आपापली बोली काढली. अमेरिकेत स्ट्रँड सेंच्युरीची एएमएक्स १९२ वेगळी, कलरट्रानची सीएमएक्स वेगळी. एकाचा बोर्ड घेतला की डिमरही त्याचेच घ्यावे लागत.

थिएटरवाल्यांना हे परवडेना. अमेरिकेतील थिएटर तंत्रज्ञांची संस्था यूएसआयटीटी हिने १९८६ साली सर्वांना चालेल असा एक नियम तयार केला. त्याचे नाव डीएमएक्स ५१२. १९९० मध्ये त्यात सुधारणा झाली आणि २००४ मध्ये ई १.११ या क्रमांकाने तो अमेरिकेचा राष्ट्रीय मानक झाला. आज चीनमधून येणारा साधा पार असो की युरोपचा महागडा मूव्हिंग हेड, दोघांनाही हीच बोली समजते.

बोली सोपी आहे. एका वायरीतून ५१२ चॅनेल जातात. प्रत्येक चॅनेलवर शून्य ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. शून्य म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक लांब थांबा असतो, त्यावरून लाइटला कळते की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. लाइटवर आपण जो अ‍ॅड्रेस लावतो, त्या आकड्यापासून तो आपले चॅनेल उचलतो. वेग सेकंदाला अडीच लाख बिट. पूर्ण ५१२ चॅनेलांची एक फेरी सेकंदात सुमारे ४४ वेळा होते.

या ५१२ चॅनेलांच्या गटाला युनिव्हर्स म्हणतात. खरेदीच्या वेळी हा हिशेब कागदावर करावा. सात चॅनेलचे साठ पार म्हणजे ४२० चॅनेल, एका युनिव्हर्समध्ये बसले. त्यात सोळा चॅनेलच्या बारा शार्पी घातल्या की आणखी १९२. बेरीज ६१२. आता एक युनिव्हर्सची पेटी पुरणार नाही. पुष्कळ जण आधी पेटी घेतात आणि नंतर बेरीज करतात.

यूएसबीच्या पेटीच्या दोन जाती

आता तिसऱ्या कडीकडे येऊ. कॉम्प्युटरला डीएमएक्स मुळात येत नाही. यूएसबीमधून आलेला मजकूर डीएमएक्समध्ये उतरवायला दुभाषी लागतो. तोच ही पेटी. दुभाषी दोन प्रकारचे.

पहिला प्रकार गरीब. त्यात स्वतःची अक्कल नसते, यूएसबी बदलून देणारी एक चिप आणि वायरीत विद्युत संकेत ढकलणारी दुसरी चिप, एवढेच. ऑस्ट्रेलियातील एनटेक कंपनीने ‘ओपन डीएमएक्स यूएसबी’ या नावाने अशी पेटी काढली आणि तिची रचना उघडी ठेवली. त्यामुळे तशा नकला बाजारात पुष्कळ आल्या. येथे सगळा ताल कॉम्प्युटरला धरावा लागतो. विंडोज दुसऱ्या कामात गुंतली की ताल चुकतो आणि लाइट फडफडतात. दुकानाच्या शोकेसला किंवा शिकायला ही पेटी ठीक आहे. लग्नाच्या हॉलमध्ये तिच्यावर भरवसा टाकू नये.

दुसऱ्या प्रकारात पेटीच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. कॉम्प्युटरने फक्त बदललेले आकडे द्यायचे, ताल पेटीच धरते. एनटेकचीच ‘डीएमएक्स यूएसबी प्रो’ ही या जातीची. कॉम्प्युटरने तिच्याशी कोणत्या रीतीने बोलायचे हे कंपनीने जाहीर करून टाकले. परिणाम असा की कितीतरी सॉफ्टवेअरवाल्यांनी ती रीत आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, आणि दुसऱ्या पेटीवाल्यांनीही आपली पेटी तीच रीत समजेल अशी बनवली. एका कंपनीने दार उघडे ठेवले म्हणून बाजारात तेच माप चालू झाले. पेटी घेताना ‘प्रोच्या रीतीने बोलते का’ हा प्रश्न म्हणूनच कामाचा.

एक इशारा येथेच देतो. या पेट्यांपैकी बहुतेकांत स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची चिप असते, आणि तिच्या नकलाही फार. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोजच्या अपडेटमधून या कंपनीचा नवा ड्रायव्हर आला आणि त्याने नकली चिपचा ओळख-क्रमांक पुसून शून्य केला. काल चालणारे यंत्र आज कॉम्प्युटरला ओळखूच येईना. ओरड झाली, ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण ज्याने पैसे मोजले त्या गिऱ्हाइकाला आपल्या पेटीत नकली माल आहे याचा पत्ताही नव्हता. यातून दोन धडे. पेटी बिलासह आणि ओळखीच्या दुकानातून घ्या. आणि कार्यक्रमाच्या दिवशी लॅपटॉपला अपडेट करू देऊ नका.

ड्रायव्हरची दुसरी अडचण वयाची. पेटी दहा वर्षे टिकते, पण विंडोज बदलते. नव्या विंडोजसाठी कंपनीने ड्रायव्हर काढला नाही, तर धडधाकट पेटी कपाटात जाते. जुना माल सेकंडहँड घेताना तो आपल्याच लॅपटॉपवर लावून पाहावा. विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर तो चालतच असतो.

नेटवर्कचा रस्ता

ड्रायव्हरची ही कटकट नेटवर्कच्या रस्त्याने बरीचशी संपते. लंडनच्या आर्टिस्टिक लायसन्स कंपनीच्या वेन हॉवेल यांनी १९९८ मध्ये आर्टनेट नावाची रीत काढली. डीएमएक्सचे ५१२ आकडे कॉम्प्युटरच्या साध्या नेटवर्क वायरीतून पाठवायचे आणि पुढे नोड नावाच्या पेटीने ते पुन्हा डीएमएक्समध्ये उतरवायचे. ही रीत वापरायला त्यांनी फी ठेवली नाही, म्हणून ती सगळीकडे पसरली. २००९ मध्ये अमेरिकेतून ई १.३१ हा मानक आला, त्याला एसएसीएन म्हणतात. आज नेटवर्कवर चालणारे बहुतेक सॉफ्टवेअर या दोन्ही बोली बोलते आणि बहुतेक नोड दोन्ही समजतात.

याचा फायदा असा की सॉफ्टवेअर एका देशाचे, नोड दुसऱ्या देशाचा, तरी जुळते. नेटवर्कचे तोंड लॅपटॉपमध्येच असते, त्यासाठी पेटीवाल्याचा ड्रायव्हर लागत नाही. एका वायरीतून अनेक युनिव्हर्स जातात. स्टेज लांब असेल तर लॅपटॉपपासून स्टेजपर्यंत एकच नेटवर्क केबल टाकून नोड स्टेजजवळ ठेवता येतो.

मात्र येथे तीन ठिकाणी लोक अडतात. पहिले, पत्ता. आर्टनेटचे नोड बहुधा २ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता घेऊन येतात. लॅपटॉपचा पत्ताही त्याच कुळातला हवा. उदाहरणार्थ नोड २.०.०.१० असेल, तर लॅपटॉप २.०.०.१ आणि मास्क २५५.०.०.०. दुसरे, लॅपटॉपची वाय-फाय आणि फायरवॉल. कधी सॉफ्टवेअर वायर सोडून वाय-फायच्या रस्त्याने हुकूम पाठवत बसते, कधी फायरवॉल ते अडवते. काम सुरू करण्यापूर्वी वाय-फाय बंद करावी आणि सॉफ्टवेअरमध्ये कुठले नेटवर्क निवडले आहे ते पाहावे. तिसरे, मोजणी. आर्टनेटमध्ये युनिव्हर्स शून्यापासून मोजतात, एसएसीएनमध्ये एकपासून. त्यात काही सॉफ्टवेअर आर्टनेटचा शून्यही पडद्यावर एक म्हणून दाखवते. सगळे जोडलेले असून लाइट पेटत नसतील, तर एक आकडा पुढे-मागे करून पाहावा. अर्धे ‘बिघडलेले’ नोड एवढ्याने दुरुस्त होतात.

कुलूप कुठे आहे ते पाहा

आता पहिल्या कडीकडे, जिच्यात आमचे शेजारी अडकले. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जुळवून घेण्याच्या बाबतीत सॉफ्टवेअरचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग उघड्या दाराचा. क्यूएलसी प्लस हे फुकट आणि खुले सॉफ्टवेअर त्याचे चांगले उदाहरण. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. एनटेकच्या दोन्ही जातींच्या पेट्या, आर्टनेट, एसएसीएन सगळ्यांशी बोलते. त्यात फार मोठ्या शोची हत्यारे नाहीत, पण हॉल, शाळेचे गॅदरिंग आणि छोटे लग्न यांना ते पुरते.

दुसरा वर्ग अर्ध्या दाराचा. इंग्लंडच्या कॅमसिस कंपनीचे मॅजिकक्यू कॉम्प्युटरवर फुकट घेता येते आणि आर्टनेट व एसएसीएनवरून दुसऱ्यांच्या नोडलाही हुकूम देते. पण त्यातील काही सोयी कंपनीचे स्वतःचे यंत्र जोडल्यावरच उघडतात. कुठल्या सोयी, हे कंपनी सांगते. वाचून घेणे आपले काम.

तिसरा वर्ग बंद दाराचा. जर्मनीच्या एमए लाइटिंगचे ग्रँडएमए ३ ऑनपीसी हे सॉफ्टवेअर फुकट उतरवता येते, त्यावर शिकता येते, घरी बसून पूर्ण शो तयार करता येतो. पण खरे लाइट चालवायचे तर कंपनीचे यंत्र जोडावे लागते. फ्रान्सच्या निकोलॉदी कंपनीच्या डासलाइटचेही असेच. सॉफ्टवेअर मोफत, लाइटला हुकूम जायचा तर पेटी त्यांचीच.

यात बेइमानी काही नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे. काही जण ती सॉफ्टवेअरच्या किमतीत घेतात, काही पेटीच्या. शिवाय स्वतःच्याच पेटीवर चालवले की ती कंपनी बिघाडाची जबाबदारी घेऊ शकते. मोठ्या शोवाल्याला ही खात्री पैसे देऊन हवी असते. नुकसान होते ते ‘फुकट’ हा शब्द ऐकून पुढचे न विचारणाऱ्याचे.

फेडर, बटणे आणि लाइटची कुंडली

माऊसने लाइट चालवणे ऑपरेटरला जमत नाही, त्याला हाताखाली फेडर लागतात. येथे संगीतवाल्यांची एक जुनी बोली कामी येते. १९८३ मध्ये वाद्ये एकमेकांना जोडण्यासाठी मिडी निघाली. तिच्यावर चालणारे फेडरचे बोर्ड वाद्यांच्या दुकानात मिळतात आणि अनेक लाइट सॉफ्टवेअर ते स्वीकारतात. लाइट कन्सोलच्या मानाने हा मार्ग स्वस्त. फरक एवढा की साध्या मिडीमध्ये आकडे शून्य ते १२७ असतात, डीएमएक्समध्ये शून्य ते २५५. म्हणजे फेडरची एक पायरी लाइटच्या दोन पायऱ्या उचलते. अगदी हळू मंद करताना एलईडीमध्ये हा धक्का डोळ्याला दिसू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये वेळ लावून मंद केले तर तो टळतो. बंद दाराच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी चालते का, हे मात्र वेगळे विचारावे.

आणखी एक जुळणी लाइट आणि सॉफ्टवेअर यांची. कुठल्या चॅनेलवर लाल, कुठल्यावर हिरवा, कुठल्यावर डिमर, ही प्रत्येक लाइटची कुंडली असते. तिला प्रोफाइल म्हणतात. ती चुकली की डिमर वर केल्यावर लाल पेटतो. प्रत्येक सॉफ्टवेअरची प्रोफाइल वेगळ्या धाटणीची असे. एमए लाइटिंग, रोबे आणि व्हेक्टरवर्क्स यांनी मिळून जीडीटीएफ नावाची सामाईक धाटणी काढली आणि २०२० मध्ये ती जर्मनीच्या डीआयएन संस्थेने स्पेक १५८०० म्हणून प्रसिद्ध केली. पण आपल्या बाजारातल्या बिननावाच्या पारची कुंडली कोणी करून ठेवलेली नसते. खोक्यातल्या कागदावर चॅनेलांचा क्रम छापलेला असतो, त्यावरून ती स्वतः करावी लागते. काम थोड्या वेळाचे, पण कागद पाहिजे. तो कचऱ्यात टाकू नका, त्याचा मोबाइलवर फोटो तरी काढा.

वायर आणि सुरक्षा

वायरीबद्दल थोडक्यात. एका ओळीवर ३२ पेक्षा जास्त लाइट जोडू नयेत, जास्त असतील तर स्प्लिटर लावावा. शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर लावावा. माइकची केबल दिसायला तशीच असली तरी ती या कामाची नव्हे. लांब ओळीत तिच्यामुळे लाइट वेडेवाकडे वागतात आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो.

दुसरी गोष्ट जिवाची. डीएमएक्स एकतर्फी आहे. हुकूम नीट पोचला की नाही हे तपासण्याची सोय त्यात नाही. म्हणून माणसाला इजा होऊ शकेल अशा कामासाठी तो वापरू नये, असे त्या मानकातच म्हटले आहे. हल्ली लग्नांत ठिणग्या उडवणारी यंत्रे डीएमएक्सवर जोडतात. त्यांची वीज तोडणारा स्वतंत्र स्विच एका जागत्या माणसाच्या हातात असल्याशिवाय ती चालवू नयेत.

पैसे मोजण्यापूर्वी पाच प्रश्न

एक : हे सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या पेटीतून खरे लाइट चालवते का? चालवत असेल तर किती युनिव्हर्स?

दोन : पेटीत स्वतःचा प्रोसेसर आहे का, आणि ती कुठली जाहीर रीत समजते? यूएसबी प्रो, आर्टनेट की एसएसीएन?

तीन : माझ्या लॅपटॉपवरच्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का?

चार : माझ्या सर्व लाइटांची चॅनेल-बेरीज किती, आणि पुढच्या हंगामात ती किती होईल?

पाच : उद्या सॉफ्टवेअर बदलले तर ही पेटी कामाची राहील का? आणि पेटी बदलली तर माझे तयार शो उघडतील का?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कोणीच विचारत नाही. पेटीपेक्षा महाग असतात ते रात्री जागून बसवलेले शो. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बहुधा उघडत नाहीत. तेवढी मेहनत पुन्हा करावी लागते.

आणि शेवटची परीक्षा दुकानातच घ्यावी. आपला लॅपटॉप, आपले सॉफ्टवेअर आणि आपलाच एक पार काखोटीला मारून जावे आणि दुकानदारासमोर पेटवून दाखवायला सांगावे. कापड घेताना आपण ताग्याचे टोक उन्हात धरून पाहतोच की.

आमच्या शेजाऱ्यांची गोष्ट तशी बरी संपली. त्यांची पेटी प्रोसेसरवाली आणि जाहीर रीतीने बोलणारी निघाली. त्यांनी उघड्या दाराचे सॉफ्टवेअर घातले, तोच लॅपटॉप, तीच पेटी, तेच चोवीस पार, आणि पहिल्याच संध्याकाळी सगळे पेटले. नवा खर्च शून्य. दुकानदाराने सांगितले होते की पेटी कुठल्याही सॉफ्टवेअरला चालते. पेटीच्या बाजूने ते बरेचसे खरे होते. सॉफ्टवेअरला ती पेटी चालते का, हे मात्र त्याला कोणी विचारले नव्हते. एका रिसेप्शनचा नफा देऊन त्यांनी हा प्रश्न शिकून घेतला. वाचकांना तो फुकट मिळावा, म्हणून हे लिहिले.